अबोल्याची गस्त

तिला सगळे टाचणी म्हणत. शिवताना ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, आणि त्या काढून ठेवल्यावर जी जीभ चालायची ती त्यांच्याहून टोकदार, म्हणून. तिच्या धंद्यात माणसं संशय बरोबर घेऊनच येतात. ब्लाउजचं कापड टाकताना बाई दोनदा विचारणार, "उरलेलं परत मिळेल ना?"

"मिळेल की. चिंध्यांसकट. घरी नेऊन भिंतीला लावा," टाचणी कात्री हवेत धरून म्हणायची, आणि खरोखरच चिंध्यांची पुरचुंडी बांधून द्यायची.

लोकांचा संशय झेलता झेलता तिलाही ती खोड लागली. दुधात पाणी, वजनात दांडी, कौतुकात काम, तिला सगळीकडे काहीतरी दिसे. कुणी फारच गोड बोललं की ती विचारी, "काय फाडून आणलंय?"

गावाला जंगलाचा हक्क मिळाला आणि हाच अवगुण कामाला आला. पूर्वी ते जंगल ठेकेदाराचं होतं. तो ट्रक भरभरून बांबू न्यायचा आणि गावाला धूळ ठेवायचा. आता राखायचं गावाने, तोडायचं गावाने, विकायचंही गावाने. जंगलाचे तुकडे पाडले. एका वर्षी एकच तुकडा तोडायचा, बाकीचे विसाव्याला. विसाव्याच्या तुकड्यात कोयता न्यायचा नाही, मग तो कुणाचाही असो.

पण राखण कोण करणार? पहिल्याच सभेत जुंपली.

"मेहुणा मेहुण्याला पकडेल होय? अहो, दोघं मिळून मोळी बांधतील!"

सभेचा प्रमुख निवृत्त पोस्टमन होता. कोण कुठे राहतं आणि कुणाचं कुणाशी पटत नाही, दोन्ही त्याला सारखंच पाठ. तो म्हणाला, "ज्यांचा अबोला आहे, त्यांच्याच जोड्या लावा. एकाने डोळे मिटले, तर दुसरा बोंब मारेल."

लोक हसले, आणि हसता हसता ठराव पास झाला.

टाचणीच्या वाट्याला आली तिची नणंद. ती गावातल्या गावातच दिलेली. पिठाची गिरणी चालवायची. दोघींचं भांडण शिलाई मशीनवरून. सासू गेली तेव्हा मशीन सुनेकडेच राहिलं. "माझ्या आईचं मशीन वहिनीने ढापलं," असं नणंदेने दळणाच्या भर गर्दीत जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून दोघींची तोंडं बंद. म्हणजे एकमेकींपुरती.

गस्तीवर त्या झाडांशी बोलत.

"काही लोकांना काटा दिसत नाही वाटतं," नणंद एखाद्या खोडाला सांगायची.

"काही लोकांनी दुसऱ्याचे पाय बघणं सोडलं, तर स्वतःचं पाऊल दिसेल," टाचणी वारुळाला उत्तर द्यायची.

अशी वर्षं गेली. ना या दोघींचं जमलं, ना कुणाची यांच्या तुकड्यात शिरायची हिंमत झाली. बांबूची बेटं इतकी दाटली की आत ऊन पोचेना. बांबू विकून शाळेवर नवे पत्रे चढले आणि दवाखान्यात नर्सबाई रोज येऊ लागल्या.

आणि एका सकाळी, विसाव्याच्या तुकड्यात, एका बेटाच्या बुडाशी पाचोळा जरा जास्तच नीट पसरलेला दिसला. वारा काही इतका टापटिपीचा नसतो. टाचणीने पायाने पाचोळा सरकवला. खाली चार बुडखे, ताजे, ओले, पांढरेफटक.

दोघी तिथेच उभ्या राहिल्या. झाडांशीसुद्धा कुणी बोललं नाही.

सभेला कळवणं भाग होतं. पोस्टमनचा चेहरा उतरला. "पुढच्या आठवड्यात वरच्या कचेरीतले पाहणीला येणार आहेत. चोर आपणच धरून दंड केला, तर म्हणतील, गाव सांभाळतंय. नाही धरला, तर म्हणतील, यांच्याने होत नाही, हक्क काढून घ्या. टपूनच बसलेत ते. परवा सकाळी सभा घेतो. ज्याला ठाऊक असेल त्याने येऊन सांगावं." मग दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "राखण तुमची होती, हेही ध्यानात असू द्या."

झालं! गल्लीत टाचणी दिसली की बायकांचा आवाज खाली जायचा. एक तर मापं द्यायला आली आणि उंबऱ्यातूनच विचारू लागली, "पडदे टांगायला बांबू लागतो का हो?"

टाचणीला मात्र कोण ते आधीच ठाऊक होतं. नणंद! गिरणीपुढे नवीन पत्र्याची सावली उभी राहिलीय, हे तिने लांबून पाहिलं होतं. ज्या गिरणीची पायरी ती कधी चढत नसे, तिथे ती धान्याची पिशवी घेऊन थेट गेली.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणावं," नणंद गिरणीच्या पट्ट्याला म्हणाली.

टाचणीने वर बघितलं. पत्र्याखाली चार बांबू होते, सरळसोट, अजून हिरवे.

"सावली झकास झालीय म्हणावं. बांबू कुठल्या दुकानचे?"

नणंदेने खटका बंद केला. घरघर थांबली. भुवयांवर पीठ, डोळ्यांत आग. आणि पट्ट्याला सोडून ती पहिल्यांदा थेट बोलली.

"चोर म्हणतेस मला? दादाने आणून दिलेत! तुझ्या नवऱ्याने! परांचीच्या कामातून उरले म्हणाला."

टाचणीचा नवरा इमारतींना रंग देताना लागणाऱ्या बांबूच्या परांच्या बांधायचा. तिने पिशवी खाली ठेवली.

"वन्सं, काम महिनाभर बंद आहे. घरीच बसलेत ते. उरतील कुठून?"

नणंद पिठाच्या डब्यावर मटकन बसली. "मला म्हणाला, आईचं मशीन तुला मिळालं नाही, निदान डोक्यावर सावली तरी घे. मी वेडी, रडले गं."

भांडणाऱ्यांच्या जोड्या लावताना गाव एक विसरलं होतं. या दोघी एकमेकींना पाण्यात बघत असल्या, तरी घरचा माणूस दोघींचा एकच होता.

"मी बोलणार नाही," नणंद म्हणाली. "तूही बोलू नकोस. आईची शपथ."

"कुणाच्या आईची?"

"माझ्या. तुझ्या सासूची!"

"त्यांच्यावर तर माझा कधीच विश्वास नव्हता," टाचणी म्हणाली. पण शपथ घेतली.

घरी नवरा शीळ घालत कोयत्याला धार लावत होता. काम बंद असताना धार कशाला? टाचणीच्या हातून एकाच बाहीची शिवण तीनदा चुकली. मशीनसाठी दळणाच्या भर गर्दीत जीभ सोडणारी बाई शपथ पाळेल? उद्या ती आधी जाऊन सांगेल आणि वर म्हणेल, वहिनीने नवऱ्याला लपवलं. पण याच्या मागे आणखी एक विचार होता, आणि तो जास्त बोचत होता. समजा, नणंद गप्प राहिलीच, तर? आज दोघी मिळून चार बांबू गिळणार. उद्या तिसऱ्याने चार तोडले, तर कुठल्या तोंडाने बोंब मारणार?

सभेच्या सकाळी ती मागच्या बोळाने निघाली. सभेच्या दारात नणंद उभी.

"शपथेचं काय झालं, वन्सं?"

"तुझ्या शपथेचं काय झालं?"

"तुम्ही येणार याची खात्री होती मला."

"म्हणून आलीस?"

आतून पोस्टमनने हाक दिली, "दारात काय कुजबुजताय? कुणाला बोलायचंय?"

नणंदेचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. धाकटी बहीण ती, लहानपणी दादाच्याच कडेवर वाढलेली. टाचणी तिला मागे सारून आत गेली आणि भरल्या सभेत म्हणाली, "माझ्या घरातून गेलाय कोयता."

दंड ठरला. या हंगामात टाचणीच्या नवऱ्याला जंगलबंदी, सावली त्यानेच उतरवायची, आणि बांबू गावाच्या वखारीत जमा करायचे.

दंडाचा निरोप तिच्याआधी घरी पोचला होता; सांगितलं कुणी, ते मात्र त्यात नव्हतं.

"धाकटीने सांगितलं ना?" नवरा कोपऱ्यातून म्हणाला. "माहीत होतं मला. मशीनचा राग माझ्यावर काढला."

नुसती मान हलवली असती, तर संसार सुरळीत राहिला असता.

"मी सांगितलं," टाचणी म्हणाली.

"तिला वाचवू नकोस."

"तिला कशाला वाचवू? मी तिच्याशी बोलते तरी का?"

"चारच बांबू होते गं!"

"गावात घरं किती आहेत? प्रत्येकाने चारच नेले तर काय उरेल?"

तो तिच्याकडे बघत राहिला, अनोळखी दुकानातल्या वजनकाट्याकडे बघावं तसा. "खरं सांग. दोघींनी मिळून ठरवलंत ना हे?"

"मिळून ठरवलं होतं ते गप्प बसायचं."

त्याने पक्कड आणि दोर उचलला. चपला सरकवताना पाठ करूनच म्हणाला, "सावली उतरवून येतो."

"बांबू थेट वखारीत टाका. वाटेत कुठे ठेवू नका."

"विश्वास नाही?"

तो गल्लीच्या टोकाला गेला आणि गिरणीच्याच वाटेला वळला. टाचणीने मशीनवर कापड झाकलं, दाराला कडी घातली आणि थोडं अंतर ठेवून त्याच्या मागोमाग निघाली.