कापलेल्या बोटावरची पूड

साक्रीकडच्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. कांदा काढणीच्या दिवसांत आमच्याकडे कापलेली बोटं फार येतात. बायका विळ्याने भराभर पात कापतात, आणि विळ्याला पात काय नि बोट काय, सारखंच. पूर्वी जखमेवर हळद दाबायच्या. आता मजुरांच्या टोळीतल्या कुणाच्या तरी पिशवीत अँटिबायोटिकची कॅप्सूल असते. ती उघडायची, आतली पूड जखमेत भरायची, वर फडकं गुंडाळायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. धुवायचं मात्र नाही, कारण पाणी लागलं की जखम पिकते, असा समज.

अशाच एका टोळीतली अक्का बोट कापल्यावर आठव्या दिवशी आली. डाव्या हाताचं पहिलं बोट सुजून काळं पडलेलं, आत माती आणि पुडीचा लगदा. माझं डोकंच फिरलं. "अक्का, कॅप्सूल गिळायची असते, भुरभुरायची नाही!" असं तिला सगळ्यांदेखत झापलं.

"बठ्ठा गावमा असंच करतस, ताई," ती म्हणाली. "आनि ह्या कॅप्सूल तुमन्याच शेतस. खोकलाना टाइमले दियेल."

खरं होतं. हिवाळ्यात ती साध्या सर्दी-खोकल्याने आली होती. कॅप्सूलची काही गरज नव्हती. पण डॉक्टर रजेवर, बाहेर रांग, आणि ही बाई औषध घेतल्याशिवाय उठेना. ब्याद टळावी म्हणून मीच पाकीट तिच्या हातात ठेवलं. दोन खाऊन बरं वाटल्यावर उरलेल्या तिने जपून ठेवल्या होत्या.

आमच्या औषधांनी सूज उतरेना. पू तपासायला धुळ्याला पाठवला. नेहमीची बहुतेक औषधं या जंतूंवर चालत नाहीत, असा रिपोर्ट आला. शेवटी धुळ्यालाच बोट काढावं लागलं.

पुढच्या हंगामात मी साबणाच्या वड्या घेऊन शेतांवर जाऊ लागले. कापलं की आधी साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ फडकं बांधा, केंद्रात या. एवढंच सांगायचे. इतका स्वस्त उपाय कुणाला औषध वाटेना. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

एकदा अक्काच विळा ठेवून उठली. चार बोटांचा हात तिने सगळ्यांपुढे धरला. "साबन लावा वं. मी पूड भरी, हाई देखा."

हसणं थांबलं. कुणीतरी विचारलं, कॅप्सूल दिली कोणी?

"व्हती घरमा," अक्का म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मग मीच सांगितलं, "मी दिली होती."