जिभेवरची माती

बेलापुरात आम्ही मातीच्या भिंतींची बालवाडी बांधतोय. आज मातीचा ट्रक आला आणि त्या ओल्या वासासरशी मी बोनकोडे गावातल्या आमच्या लहानपणीच्या अंगणात पोचले.

मामाने भिंतीसाठी खाडीकडची माती आणली होती. आईने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारी हाय. पोपडे सुटतील. परत ने."

शाळेतली मैत्रीण शेजारीच उभी होती. माझी आई माती खाते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मामाने दुसरी माती आणली, आणि बिल्डरचा जेसीबी घर पाडायला येईपर्यंत त्या भिंतीचा एक पोपडा सुटला नाही.

"मॅडम, लॅबचा रिपोर्ट यायचाय," ट्रकपाशी उभा असलेला सुपरवायझर म्हणाला.

मी सगळ्यांदेखत चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"उतरवा," मी म्हटलं.