बिननावाच्या फुल्या

लालासाहेब लष्करातल्या जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन आष्ट्याला परतले. नव्याण्णव साली सांगलीत इंटरनेटची दुकानं निघाली, तसा त्यांना नवाच नाद लागला. बाजाराच्या दिवशी एसटीनं सांगली गाठायची, रेश्मा नावाच्या मुलीच्या दुकानात बसायचं आणि एका साइटवर जगभरच्या जनावरं पाळणाऱ्यांच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. ज्याला उत्तर पटलं नाही तो त्यापुढं फुली मारायचा. फुली कुणाची, कशासाठी, हे कळायची सोय नव्हती.

एका खेपेला त्यांचं एक उत्तर फुल्यांनी भरलेलं दिसलं. आफ्रिकेतल्या एका शेतकरणीची गाय लसूणघासाचा ओला चारा खाऊन वरचेवर पोटानं फुगायची. लालासाहेबांनी बाटलीनं गोडेतेल पाजायला सांगितलं होतं.

"रेश्मा, ह्ये काय झालं गं?"

"काका, लोकांना उत्तर आवडलं नाही. सोडून द्या."

"आवडायचा सवाल न्हाई, पोरी. गाय मेली आसंल तर?"

परतीच्या गाडीत ते आपलं उत्तर मनात पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तेल तर बरोबर होतं. मग? घरी गोठ्यात म्हैस नुसती खाकरली तरी उठून बघून यायचे.

"आवं, फुल्या मारणाऱ्यांस्नी तोंड न्हाई व्हय?" त्यांची बायको मनुबाई म्हणाली. "काय चुकलं ते सांगावं की."

दुसऱ्या दिवशी शेजारचा केरबा आजारी वासराला काढा पाजत होता. त्यानं वासराचं तोंड आभाळाकडं ओढून धरलं, तसे लालासाहेब ओरडले, "मान खाली घे रं! फुप्फुसात जाईल!"

ओरडता ओरडताच ते थबकले. नेमकं हेच लिहायचं राहिलं होतं. दवाखान्यात सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून सुचलंच नव्हतं.

बाजाराच्या दिवसाची वाट न बघता ते सांगलीला गेले. एकेक अक्षर शोधत त्यांनी चूक कबूल केली, मान कशी धरायची ते लिहिलं आणि खाली विचारलं, गाय कशी आहे?

उत्तर पुढच्या खेपेला मिळालं. तेल पाजताना गाईला जोराचा ठसका लागला होता. बाईनं घाबरून बाटली बाजूला केली, म्हणून गाय वाचली. "फुली मी मारली नाही," तिनं लिहिलं होतं, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

फुल्या मारणारे मात्र शेवटपर्यंत बोलले नाहीत.

लालासाहेबांनी उत्तरं देणं सोडलं नाही. पण पाठवण्याआधी ते रेश्माला सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे. "ह्यात कुनाचं जनावर मरंल का, बघ." ती हसायची. ते हसत नसत.