गोलसमोरचा रंगवलेला चट्टा

कापलेल्या ओल्या गवताचा वास आला की आखातातल्या रिफा शहरातल्या एका फुटबॉल क्लबचं मैदान डोळ्यांपुढे तरंगू लागतं. कृषी पदवीच्या जोरावर तिथलं गवत सांभाळायला मी लागलो होतो आणि प्रोबेशन अजून संपायचं होतं. माझ्या हातून बोअरचं खारं पाणी जास्त सुटलं, गोलसमोरचं गवत करपलं, आणि नोकरी जाईल या भीतीने मी त्या चट्ट्यावर हिरवा रंग फवारला. त्या संध्याकाळी तुषारांमधून ऊन झिरपत होतं, हवा दमट होती. नवे जर्मन कोच बूट काढून अनवाणीच मैदानभर फिरत होते. उभी कारकीर्द बचावफळीत काढलेला तो उंच माणूस गोलसमोर थांबला, गुडघा सांभाळत खाली बसला आणि गवतावरून हात फिरवला. तळवा हिरवा झाला. “बांध आता बोचकं,” माझा वसईचा सुपरवायझर पुटपुटला. “सर, रंग मीच मारला,” मी म्हणालो. “अशाच चट्ट्यावर पाय घसरून माझं खेळणं संपलं,” कोच शांतपणे म्हणाले, “तू हे शिकून आलायस ना? मग काय करायचं ते सांग.” मी चाचरत म्हटलं, “गोडं पाणी द्यायचं, आणि वीस दिवस इथे कुणी पाय ठेवायचा नाही.” “यल्ला, चला, सगळे पलीकडे!” त्यांनी हाक दिली, आणि सरावाला आलेला अख्खा संघ माझ्या शब्दावर मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात निघाला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी; पण आज वाटतं, ती पदवी खरी हातात पडली ती त्या संध्याकाळी.