घालायचं राहिलेलं विष

जंतूंचं विष आणि त्यावर उतारा ठरणारी प्रतिपिंडं, यांच्या संशोधनात आमच्या मॅडमची उमर गेली. मूळच्या पाचोडच्या. जंतू वाढले नाहीत की त्यांना 'मेल्या' म्हणतात, वाढले की 'लेकरा'. मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक.

एकदा त्यांच्या नव्या प्रतिपिंडाची चाचणी मी लावली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नुसतं विष दिलेल्या पेशी मेलेल्या आणि प्रतिपिंडासोबत विष दिलेल्या टवटवीत. "लई भारी!" म्हणत मॅडमनी गुलमंडीच्या बाजारातून बालूशाही आणून सगळ्या विभागाला वाटली. मीही खाल्ली. दुपारी फ्रीज उघडला तर रिकामी असायला हवी ती विषाची नळी अर्धी भरलेली. पेशींच्या ताटलीत पहिल्या, नुसत्या विषाच्या ओळीत विष घातल्यावर मला फोन आला होता, प्रतिपिंडाच्या ओळीत ते घालायचंच राहिलं होतं.

आठ दिवस गप्प बसलो. निकाल मांडायच्या दिवशी सकाळी मात्र मॅडमना सांगून टाकलं. त्या खो खो हसल्या. "अवो भाऊ, विष न देताच जगवल्या व्हय!"

बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "माझ्याकडून विष घालायचं राहिलं. बालूशाही परत मागणार नाय." सगळे हसले. मीही हसलो, पण चूक माझी होती हे बोलायला तोंड उघडलं नाही. ते आज लिहितोय.

आता विष घातलं की मी मोठ्यानं सांगतो, "मॅडम, विष घातलं!" आतून त्या ओरडतात, "शाब्बास!" चहा पीत बसलेले पाहुणे तेवढे कप खाली ठेवतात.