उंबऱ्यात अडलेलं नाव

आटपाडीला, माझ्या माहेरी, भाच्याचं लग्न होतं. वरात घरी आली की बायका उंबऱ्यात आडव्या उभ्या राहतात आणि नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. उखाण्यांत माझा हात धरणारं त्या घरात कुणी नाही. मी पदर खोचला, घसा खाकरला.

"डाळिंबाच्या बागेत वारा सुटला गार..."

आणि पुढे काहीच नाही. ज्या माणसाबरोबर सत्तावीस वर्षं संसार केला, त्याचं नावच येईना! बायकांना वाटलं, नखरे करतेय. मी घामाघूम.

आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मागून गरजले, "पलीकडच्या दुश्मनाला माझं नाव ठाऊक हुतं, आणि बायकोला न्हाई?"

सगळे हसले. माझी वहिनी हसली नाही. ती भावाच्या कानात, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "सासूबाईंवर गेल्यात."

पन्नाशीच्या आत माझी आई अशीच विसरायला लागली होती. आवाज जाडा, चेहरा सुजलेला, एप्रिलच्या उन्हात घोंगडं घेऊन बसायची. घरानं ठरवलं, वेड लागलं. तिच्या कमरेच्या किल्ल्या भावानं काढून घेतल्या आणि तिला गोठ्याशेजारच्या पडवीत बसवलं. तिथेच ती गेली. तेव्हा मी तिची नक्कल करून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे.

आणि आता माझे केस गळत होते, पाळी चार महिने नाही मग महिन्यात दोनदा, आणि उन्हाळ्यात मी शाल घेऊन बसत होते.

लग्न आटोपल्यावर वहिनीनं मला देवऋष्याकडे नेलं. त्यानं लिंबू उतरवलं, डोळे फिरवले आणि सांगितलं, "आईच धरून बसलीय."

"आवं, जिवंतपणी तिला बसायला धड जागा दिली न्हाई. आता माझ्यात कशाला बसंल?" मी म्हणाले आणि लिंबू त्याच्याच अंगणात भिरकावलं. माझा नेम अजून शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन सांगली गाठली. डॉक्टरीणबाईंनी आधी गळा चाचपला, पाळीचं विचारलं, रक्त तपासलं. अहवाल आल्यावर म्हणाल्या, "थायरॉईड फार कमी झालंय. शेतात मोटर आहे ना? व्होल्टेज कमी पडलं की ती नुसती घुंघुं करते, पाणी चढत नाही. मेंदूच्या पेशींचं तसंच होतं. त्यात पाळी जायच्या वयात बाईचं संप्रेरकही खाली-वर होतं. पेशींना एकमेकींशी जोडणारे पाट मोकळे ठेवायला तेही लागतं. हे वेड नव्हे, ताई."

"मोटर जळाली तर न्हाई ना?" सुभेदारांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता बिचाऱ्यांचा.

"नाही. रोज उपाशीपोटी एक गोळी. हळूहळू फरक पडेल."

मी आईचं सगळं सांगितलं. बाईंनी अहवाल पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाल्या, "न तपासता खात्रीनं नाही सांगता येणार. पण असू शकेल."

असू शकेल! साबुदाण्यापेक्षा जरा मोठी ती गोळी. मी ती तळहातावर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं. दुःखानं नाही, संतापानं. आईच्या गळ्याला हात लावायला कुणाला काय लागलं असतं? लिंबांवर लिंबं उतरवली, आणि गळा कुणी चाचपला नाही.

काही महिन्यांनी भाच्याच्या बायकोचं डोहाळजेवण झालं. तेच घर, तोच उंबरा, त्याच बायका. वहिनी चिमटा काढत म्हणाली, "वन्सं, आज तरी आठवंल का?"

मी पदर खोचला. "डाळिंबाच्या बागेत वारा सुटला गार..." आणि माझ्या आईचं नाव घेतलं, खणखणीत, आडनावासकट. "...चं नाव घेते, सोडा आता दार!"

त्या घरात ते नाव कितीतरी वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

"नवऱ्याचं घ्यायचं असतंय वो," वहिनी पुटपुटली.

"त्यांचं ध्यानात हाय माझ्या. हिचं तुमी इसरलाय."

बायका बाजूला झाल्या. भाऊ खाली मान घालून चपला शोधायला लागला. त्या त्याच्या पायातच होत्या. मी मात्र सरळ पडवीत गेले आणि जेवणाचं ताट तिथेच मागवलं.