तोंडावर नको, भिंतीवर

कुणाच्याही घरात कार्याला गेले की ते आधी आपला उलटा हात घरातल्या माणसाच्या गालाजवळ धरायचे. लागू द्यायचे नाहीत, नुसता जवळ. हातावर उजेड कसा पडतो ते बघायचे आणि मला म्हणायचे, "तोंडावर नको ताई, भिंतीवर."

ते आमच्या कॉलनीतले शूटिंगवाले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. बारसं, डोहाळजेवण, हळद, साखरपुडा अशी घरातली कार्यं ते व्हिडिओवर घ्यायचे. कॅमेरा त्यांच्या खांद्यावर आणि दिवा माझ्या हातात. तो दिवा तुम्हीही पाहिला असेल. समोरून मारला की डोळे मिटतात, कपाळाला घाम येतो आणि माणूस चोरासारखा दिसतो.

मी चौथी शिकलेली. मळ्यातली फुलं घेऊन आईबरोबर बाजारात बसायचे, तेव्हाही गिऱ्हाइकाशी आईच बोलायची. शूटिंगवाल्यांकडे आधी दिवा धरायला एक माणूस होता, पण तो आतल्या खोलीत आला की बायका पदर ओढून पाठ करायच्या. म्हणून त्यांना बाई हवी होती. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, माझं नाव सुचवलं. पहिल्या कार्याहून परत येताना ते म्हणाले, "तुम्ही बोलत नाही ना, म्हणून उजेड हलत नाही." माझ्या गप्प बसण्याचं कौतुक कुणी केलं ते तेवढंच.

त्यांची रीत वेगळी होती. दिवा माणसावर मारायचा नाही, चुन्याच्या छतावर नाही तर पांढऱ्या भिंतीवर मारायचा. तिथून तो मऊ होऊन खाली येतो. पण आपल्याकडे भिंती कुठे पांढऱ्या असतात? बहुतेक घरांत हिरवा ऑइलपेंट. हिरव्या भिंतीवरून आलेल्या उजेडात नवरी आजारी दिसते, म्हणून ते पिशवीत धुतलेली पांढरी चादर बाळगायचे. आल्या आल्या खिळे शोधायचे, चादर टांगायचे, कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकायचे. घरातले पुरुष वैतागायचे. एका नवरदेवाच्या काकांनी तर विचारलं, इकडे सिनेमा दाखवणार की काय. आणि एक आजी माझ्या दिव्याजवळ सरकून म्हणाल्या, "बाई, उद्या येशील का गं? पापड वाळत नाहीत या ढगांत."

सगळं झालं, लोक पांगायला लागले की ते हळूच म्हणायचे, "ताई, कोपरा."

कोपऱ्यात कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे. विधवा आत्या, कमी ऐकू येणारी मावशी, ज्यांना कुणी पुढे बोलावत नाही अशा सगळ्या. मी त्यांच्या मागच्या भिंतीवर दिवा धरायचे आणि ते त्या ओळीवरून सावकाश कॅमेरा फिरवायचे. घरच्यांना हे पटायचं नाही. टेप फुकट घालवता, म्हणायचे. शूटिंगवाले भांडायचे नाहीत. मला एकदा म्हणाले होते, "माणूस गेलं की हेच लोक येतात माझ्याकडे. आमची आत्या आहे का हो तुमच्या कॅसेटमध्ये, विचारतात."

त्यांना एकच मुलगी. शाळेला सुट्टी असली की कधीकधी आमच्याबरोबर कार्याला यायची आणि म्हाताऱ्या बायकांच्यात जाऊन बसायची. हाक मारली की आधी मान वळायची, मग हसू, मग ती. तिचं लग्न कळवणकडे ठरलं. लग्नाच्या दिवशी ते बाप होते, त्यामुळे शूटिंगला दुसरा माणूस होता. पण आदल्या दिवशीची घरातली हळद त्यांनी स्वतः घेतली. दिवा मीच धरला होता. त्या दिवशी चादर त्यांनी दोनदा काढून पुन्हा टांगली.

कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटवरून मोठी कॅसेट काढायची आणि छोटी पुढच्या कार्याला वापरायची, अशी त्यांची पद्धत होती. पोरीच्या हळदीचंही तसंच केलं, लग्न घेणाऱ्या माणसानेही. हळद आणि लग्न मिळून एकच कॅसेट निघाली, ती पहिल्या दिवाळीला मुलगी सासरी घेऊन गेली. वहिनी म्हणाल्या, आपल्याला एक ठेवा की. ते म्हणाले, पुढच्या खेपेला ती आणेल, तेव्हा काढू.

पुढची खेप झाली नाही. तिला दिवस गेले होते आणि त्यात कावीळ झाली. सासरच्यांनी गावातच औषध केलं आणि कळवलं अगदी शेवटी. हे दोघं पोहोचले तेव्हा चिता पेटलेली होती. लेकीचं तोंड पाहायला मिळालं नाही.

तेरा दिवस झाल्यावर ते कॅसेट मागायला गेले. मी आणि वहिनी बरोबर होतो. सासूबाईंनी कॅसेट आणून दिली, वाईट बाई नव्हती ती. शेजारच्या घरी व्हीसीआर होता, तिथे लावली. क्रिकेटची मॅच होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मॅच. सासूबाई दारात उभ्या होत्या. "पोरांनी भरली वाटतं त्याच्यावर," त्या म्हणाल्या, "मला काय समजतं त्यातलं, भाऊ." शूटिंगवाल्यांनी कॅसेट बाहेर काढली, कव्हरात घातली आणि सासूबाईंच्याच हातात परत दिली.

घरात तिचा एक फोटो होता. ताठ उभी, स्टुडिओतला. तो पुढे करून वहिनी म्हणायच्या, हा आहे ना. त्यावर ते एकदाच बोलले, "फोटो वळून बघत नाही गं."

मग त्यांनी कामं घेणं सोडलं आणि लोकांच्या घरी जायला लागले. जिथे जिथे मुलगी आमच्याबरोबर आली होती ती घरं आठवायची आणि जाऊन विचारायचं, तुमची डोहाळजेवणाची कॅसेट आहे का हो? मला बरोबर घ्यायचे, बाई असली की दार उघडतं म्हणून. कुठे कॅसेटला बुरशी आली होती, कुठे भंगारवाल्याला गेली होती. काही घरांत आम्हाला चहा मिळाला आणि काही घरांत लोक घाबरले. एवढी वर्षं लोक त्यांच्याकडे येऊन जे विचारायचे, तेच आता हे दारोदार विचारत होते. मला ते बघवत नसे, पण मी जायचे.

गंगापूर रोडला एका शिक्षिकेच्या घरी कॅसेट निघाली. त्यांनी टीव्हीवरचा रुमाल काढला आणि लावून दिली. ओटी भरली, ताटं आली, हसणं झालं. मग शूटिंगवाल्यांचाच आवाज आला, "ताई, कोपरा." चित्र हललं. दोन म्हाताऱ्या आल्या, आणि त्यांच्या शेजारी ती. शाळेतली, दोन वेण्यांची. दात नसलेल्या एका आजीला लाडू फोडून देत होती. उजेड आला तशी तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं. डोळे मिटले नाहीत, कारण उजेड भिंतीवर होता. ती हसली.

त्यांनी रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं. ते थरथरत होतं, मधून एक पांढरी रेघ जात होती. ते उठून टीव्हीजवळ गेले आणि काचेवरच्या तिच्या गालाजवळ त्यांनी आपला उलटा हात धरला. लागू दिला नाही.

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, बघा निवांत."

"धरून ठेवली की टेप घासते," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मुलीची मान परत लाडवाकडे वळली, कॅमेरा पुढे गेला. शिक्षिकाबाईंनी कॅसेट देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. माझ्याकडे टिकत नाही, म्हणाले. त्यानंतर ते कुणाच्या घरी गेले नाहीत.

काही वर्षांनी ते गेले. छातीचं दुखणं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. खोली भरलेली, मी नेहमीसारखी कोपऱ्यात. वहिनींचा एक भाऊ परगावी होता, त्याला पोहोचणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला दाखवायला एक भाचा फोटो काढायला पुढे झाला. त्याच्या हातात नवा कॅमेरा होता. त्याने तो त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला, आणि वरचा दिवा एकदम पेटला. चेहरा पांढराफटक झाला, कुणाचाही असावा तसा. तो दुसरा फोटो काढायला वाकला.

मी उठले. एवढ्या माणसांत मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"तोंडावर नको," मी म्हणाले. "भिंतीवर."